माटिल्डाचा निळा

9 डिसेंबर 1940 रोजी पहाटे इजिप्तच्या वाळवंटात निबेवा नावाच्या इटालियन छावणीवर हल्ला झाला. पुढे सातव्या रॉयल टँक रेजिमेंटचे माटिल्डा रणगाडे आणि त्यांच्यामागून चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या अकराव्या ब्रिगेडचे पायदळ. त्यात कॅमेरॉन हायलँडर्स होते, राजपुताना रायफल्स होते. माटिल्डाचे पुढचे चिलखत 78 मिलिमीटर जाडीचे होते आणि इटालियनांपाशी ते भेदील अशी तोफ जवळपास नव्हतीच. काही तासांत छावणी पडली, इटालियन सेनापती मालेत्ती मारला गेला. उत्तर आफ्रिकेच्या लढाईचा हा भाग बहुतेक इतिहासांत सापडतो. रायफल सावरत त्या रणगाड्यांमागून चालणाऱ्या शिपायाला समोरचे लोखंड कोणत्या रंगाचे दिसत होते, हे मात्र त्यांपैकी फारच थोड्या ग्रंथांत सापडेल. हा प्रश्न इतिहासकारांनी नव्हे, तर प्लॅस्टिकच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्या लोकांनी लावून धरला, आणि आधी त्याचे चुकीचे उत्तरही त्यांनीच जगभर पसरवले.

लष्करी वाहनांच्या प्रतिकृती बनवणे हा छंद आपल्याकडे तुरळक आहे. जपान, ब्रिटन, जर्मनी, अमेरिका या देशांत त्याचा मोठा पसारा आहे. सर्वाधिक चालणारे प्रमाण एकास पस्तीस. या आकड्यामागे काही थोर गणित नाही. तामिया या जपानी कंपनीने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचे मोटरवर चालणारे मॉडेल काढले. आत बॅटऱ्या नीट बसाव्यात म्हणून जो आकार ठरला, तो मोजल्यावर सुमारे एकास पस्तीस निघाला. पुढे तेच प्रमाण झाले. या मापात साडेपाच मीटरहून थोडा लांब माटिल्डा सोळा सेंटिमीटरचा होतो, म्हणजे शाळकरी मुलाच्या कंपासपेटीहून काही मोठा नाही. भाग कापा, घासा, चिकटवा. पट्ट्यांचा एकेक दुवा जोडा. इथवर सगळे मोजता येते. पत्र्याची जाडी, खिळ्यांची संख्या, तोफेच्या नळीची लांबी यांचे मूळ नकाशे मिळतात, संग्रहालयात जाऊन पट्टी लावता येते. मग रंगाची डबी उघडायची वेळ येते आणि पायाखालची जमीन मऊ होते. रंगाला पट्टी लावता येत नाही.

निबेवाच्या वेळी वाळवंटातल्या ब्रिटिश रणगाड्यांवर जी रंगरचना होती तिला आज ‘कॉन्टर स्कीम’ म्हणतात, ब्रिगेडियर जे. ए. एल. कॉन्टर यांच्या नावावरून. कॅमोफ्लाज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ढगांसारखे, पानांसारखे वेडेवाकडे ठिपके येतात. कॉन्टरची रचना त्याच्या अगदी उलट होती: सरळ कडांचे, तिरपे, धारदार पट्टे, जणू कुणी फूटपट्टी घेऊन वाहन कापले आहे. उघड्या वाळवंटात रणगाडा लपत नाही, हे त्यामागचे व्यवहारी शहाणपण. लपवता येत नसेल तर निदान त्याचा आकार मोडा. तो कुठे तोंड करून उभा आहे, त्याची बाजू कुठे संपते आणि पुढा कुठे सुरू होतो, हे दुरून नेम धरणाऱ्याला चटकन कळू नये. वाहनाच्या प्रकारानुसार पट्ट्यांची रेखाचित्रे ठरवून दिलेली होती. रंग तीन. तळाला ‘लाइट स्टोन’ किंवा त्याऐवजी ‘पोर्टलंड स्टोन’. त्यावर ‘सिल्व्हर ग्रे’ आणि ‘स्लेट’. 1941 संपेपर्यंत ही रचना मागे पडू लागली होती, म्हणजे तिचे आयुष्य जेमतेम दीड वर्षाचे.

या नावांपाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. आपल्या भाषेत रंगांची नावे वस्तूंवरूनच आली आहेत: राखेवरून राखाडी, तपकिरीवरून तपकिरी, मातीवरून मातकट, मोराच्या पिसावरून मोरपंखी. वस्तू ठाऊक असेल तोवर नाव चालते. ‘स्टोन’चे भाषांतर मी ‘दगडी’ असे केले, तर सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला काळाकभिन्न बसाल्ट दिसेल. ‘पोर्टलंड स्टोन’ हा इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट परगण्यातला जवळजवळ पांढरा चुनखडक. त्यात लंडनच्या कितीतरी इमारती बांधल्या आहेत. ब्रिटिश रंगाऱ्याला दगड म्हटले की मलईकडे झुकणारी फिकट छटा आठवते, आपल्याला कातळ. ‘स्लेट’ त्या मानाने सोपा, कारण पाटी दोन्हीकडच्या पोरांनी पुसलेली आहे. आणि ‘खाकी’ हा शब्द तर इथूनच गेला. ‘खाक’ म्हणजे धूळ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पेशावरकडच्या कोअर ऑफ गाइड्सच्या मळकट गणवेशापासून तो इंग्रजी लष्करी बोलीत रुजला. पुढे महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्याच्या वाहनांसाठी ‘खाकी ग्रीन’ नावाचा अधिकृत रंग निघाला, जो आपल्याकडच्या पोलिसाच्या खाकीशेजारी धरला तर हिरवाच दिसेल. शब्दाने प्रवास केला, छटा मागेच राहिली.

‘सिल्व्हर ग्रे’ या नावाने तर काहीच हाती लागत नाही. रुपेरी राखाडी म्हणजे नक्की काय? युद्धकाळातली बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल. त्यांत कॉन्टरचे तीन पट्टे दिसतात खरे: सर्वांत गडद म्हणजे स्लेट, याबद्दल शंका नाही. उरलेल्या दोन फिकट पट्ट्यांत फरक जाणवतो, पण तो उजेड-अंधाराचा फरक असतो. पट्टा हिरवट आहे, पिवळट आहे की निळसर, हे छायाचित्र सांगू शकत नाही.

ही रिकामी जागा निळ्याने भरली. इंग्लंडमध्ये बॉव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात माटिल्डा आहे. युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी तिला कॉन्टर पट्ट्यांत रंगवले गेले तेव्हा सिल्व्हर ग्रेच्या जागी स्वच्छ फिकट निळा आला. आपल्याकडच्या ‘आकाशी’च्या जवळचा. पिवळसर वाळूरंगावर आकाशी पट्टे: दिसायला फार देखणे. संग्रहालयातली वस्तू खरी, तिचे लोखंड खरे, म्हणून तिचा रंगही खरा, असे बघणाऱ्याने गृहीत धरले. लोक तिचे रंगीत फोटो काढत, ते पुस्तकांत छापले जात, पुस्तके पाहून किटच्या खोक्यांवरची चित्रे काढली जात आणि माहितीपत्रकांत ‘हलका निळा’ असे लिहिले जाई. मग ते वाचून हजारो लोकांनी आपापल्या टेबलावर निळ्या पट्ट्यांचा माटिल्डा रंगवला. त्या प्रतिकृतींचे फोटो पुन्हा मासिकांत आले. पन्नास ठिकाणी निळाच दिसू लागल्यावर तो निळा नसेल असे कुणाला का वाटावे? त्या पन्नास पुराव्यांचा बाप एकच होता, हे पुराव्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेले नव्हते.

हे कोडे सोडवण्यात मोठा वाटा माइक स्टारमर या ब्रिटिश अभ्यासकाचा. त्यांनी ब्रिटिश सैन्याचे कॅमोफ्लाज रंग हा एकच विषय धरून वर्षानुवर्षे मूळ आदेश आणि रंगांचे नमुने पाहिले. उत्तर नावात नव्हते, आकड्यात होते. आदेशांत रंगांच्या नावांबरोबर ब्रिटिश स्टँडर्डचे क्रमांक असत: लाइट स्टोन 61, पोर्टलंड स्टोन 64, सिल्व्हर ग्रे 28, स्लेट 34. हे क्रमांक लष्कराचे नव्हते. 1930च्या सुमारास ब्रिटनमध्ये तयार रंगांसाठी 381 या क्रमांकाचे प्रमाणपत्रक निघाले होते. रेल्वे, कारखाने, सरकारी खाती, सर्वांनी एकाच शेड कार्डावरून रंग मागवावेत, हा त्याचा हेतू. युद्धानंतर त्याची फेरमांडणी झाली तेव्हा जुन्या क्रमांकांपुढे एकेक आकडा लागला: 28 चा झाला 628, 34 चा 634, 61 चा 361. नावे तीच राहिली. म्हणजे ज्या रंगासाठी लोक धूसर छायाचित्रांवर भिंग धरून बसले होते, तो एका साध्या शेड कार्डावर मिळत होता. आणि 28 क्रमांकाचा सिल्व्हर ग्रे निळा नाही. तो हिरवट झाक असलेला, फिकट, कंटाळवाणा राखाडी आहे. स्टारमर यांनी बाजारातल्या हंब्रोल आणि तामियाच्या डब्यांतून या छटा मिळवण्याची मिश्रणेही देऊन ठेवली.

मला या गोष्टीत सर्वांत आवडतो तो हाच भाग: वाळवंट, तोफा, ब्रिगेडियर यांच्या गदारोळात खरी साक्ष कुणाची, तर एका रटाळ कारकुनी यादीची.

तरीही निळ्याला सरसकट थाप म्हणून मोकळे होऊ नये. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. रंग फिके पडतात अशा तक्रारी आल्या. त्याने तपासले तर दोष रंगात नव्हता, शेजाऱ्यात होता. धाग्याचा रंग त्याच्या बाजूच्या धाग्यामुळे बदललेला भासतो. 1839मध्ये त्याने हा नियम सविस्तर मांडला. उबदार पिवळसर पृष्ठभागावर थंड राखाडी पट्टा ओढला की तो राखाडी डोळ्याला निळा भासतो. घरी करून पाहता येईल: करडा कागद हळदीच्या रंगाच्या कापडावर ठेवा, मग तोच पांढऱ्या चादरीवर ठेवा. तेव्हा वाळवंटात उभ्या असलेल्या कुणाला तो पट्टा निळसर आठवला असेल, तर त्या आठवणीला खोटे म्हणता येणार नाही. त्याने जे पाहिले ते पाहिले. चूक त्यानंतर होते: जो निळेपणा शेजारामुळे भासतो तो डबीतच कालवून लावला, की त्याच्यावर शेजाराचा निळेपणा पुन्हा चढतो. दुप्पट निळा.

छायाचित्राच्या फसवणुकीचे याहून मोठे उदाहरण जर्मन बाजूला आहे. तिथे चूक उलट्या दिशेची झाली. एक रंग नाहीसाच झाला. कित्येक दशके प्रतिकृतिकारांची ठाम समजूत होती की 1939-40चे जर्मन रणगाडे, म्हणजे पोलंड आणि फ्रान्समध्ये घुसलेले, नुसते गडद राखाडी होते. जुन्या किटच्या खोक्यावर पाहा, ‘पँझर ग्रे’चे राज्य. थॉमस जेंट्झ आणि हिलरी डॉइल या अभ्यासकांनी मूळ आदेश पुढे आणले तेव्हा दिसले की 1930च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नियम दोन रंगांचा होता: दोन तृतीयांश गडद राखाडी, एक तृतीयांश गडद तपकिरी. केवळ राखाडीचा हुकूम जुलै 1940 अखेरचा, म्हणजे फ्रान्स पडून गेल्यावरचा.

मग तो एक तृतीयांश तपकिरी शेकडो छायाचित्रांत कुणालाच का दिसला नाही? कारण दोन्ही रंगांचा गडदपणा सारखाच होता. कृष्णधवल फिल्मला गडदपणा कळतो, जात कळत नाही. त्यात त्या काळी हौशी छायाचित्रकारांकडे ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म सर्रास असे; तिला तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे तपकिरीतला तांबूसपणा काळवंडतो आणि निळा मात्र पांढुरका पडतो. पँक्रोमॅटिक फिल्मवर हिशेब वेगळा, भिंगापुढे पिवळा फिल्टर असेल तर आणखी वेगळा. आणि फोटोच्या पाठीवर कोणती फिल्म होती हे क्वचितच लिहिलेले असते. एकदा आदेश माहीत झाल्यावर मात्र लोकांनी तीच छायाचित्रे पुन्हा काढली आणि चांगल्या प्रतींत राखाडीच्या आत राखाडीचे मऊ ढग सापडू लागले. ते आधीपासून तिथेच होते. धुळीचे डाग समजून सोडून दिलेले.

इथवर वाचून कुणी म्हणेल की मग आदेश वाचावा, क्रमांक पाहावा, डबी उघडावी, काम संपले. संपत नाही. जर्मनीत 1925मध्ये पुरवठ्याच्या अटी ठरवणारी एक समिती स्थापन झाली. तिच्या आद्याक्षरांवरून ‘राल’ हे नाव पडले आणि 1927मध्ये तिने चाळीस रंगांचे पहिले कार्ड काढले. राल क्रमांकाचा पहिला आकडा रंगाचे कूळ सांगतो: 1 पिवळा, 6 हिरवा, 7 राखाडी, 8 तपकिरी. 18 फेब्रुवारी 1943च्या आदेशाने जर्मन सैन्याच्या वाहनांचा मूळ रंग बदलला. नवीन रंगाचे नाव ‘डुंकेलगेल्ब’, म्हणजे गडद पिवळा. त्याचा क्रमांक 7028. सैन्य त्याला पिवळा म्हणते आणि यादीने त्याला राखाडीच्या घरात घातले आहे! प्रतिकृतिकारांत या एका रंगावरून जितके वाद झाले तितके दुसऱ्या कशावरून झाले नसतील: कुणाचा गेरूकडे झुकतो, कुणाचा मोहरीकडे, कुणाचा शेवाळलेल्या वाळूकडे. युद्धाच्या शेवटी कच्चा माल आटला, पुरवठादार अनेक, घाई मोठी. एकाच क्रमांकाचा रंग सगळीकडे सारखा निघाला असेल असे धरून चालणे भाबडेपणाचे आहे.

त्यावर हिरवा आणि तांबूस तपकिरी चढवायचे काम तुकड्यांवरच सोपवले होते. हे रंग घट्ट लेपाच्या रूपात डब्यांतून येत. ते पाण्याने किंवा पेट्रोलने पातळ करून फवारायचे. आता प्रत्यक्ष चित्र पाहा. रशियात कुठेतरी एक चमू आपला रणगाडा रंगवतो आहे. पेट्रोल रणगाड्यालाच पुरत नाही, म्हणून लेपात पाणी. फवारणीयंत्र दुसऱ्या तुकडीकडे, म्हणून झाडू. पातळ झालेला हिरवा खालच्या पिवळ्यातून फुटतो, पहिल्या मोठ्या पावसात अर्धा ओघळून जातो. आदेशात हिरव्याचा क्रमांक 6003 आहे. या रणगाड्यावर तो कुठे आहे? बर्लिनच्या कागदावर एक रंग असतो, आघाडीवर प्रत्येक वाहनाचा आपला. म्हणून चांगला प्रतिकृतिकार आदेशावर थांबत नाही. तो त्या विशिष्ट तुकडीचे, त्या महिन्यातले छायाचित्र शोधतो आणि त्यावर कितपत विश्वास ठेवायचा तेही शिकतो. कागद छायाचित्राला तपासतो, छायाचित्र कागदाला. इतिहास लिहिणारे दुसरे काय करतात?

एवढे सगळे करून अचूक क्रमांकाचा रंग सोळा सेंटिमीटरच्या माटिल्डावर लावला तरी ती चुकीची दिसते. काळपट, जड, मेलेली. हा अनुभव जवळजवळ सर्वांना येतो आणि त्याचे जे स्पष्टीकरण छंदात रूढ आहे ते मला पटत नाही. म्हणतात की दूरची वस्तू हवेच्या थरातून फिकट दिसते; छोटी प्रतिकृती पाहणे म्हणजे मोठी वस्तू दुरून पाहणे; म्हणून रंगात पांढरा मिसळावा. हिशेब करा: एकास पस्तीस प्रमाणातली वस्तू हातभर अंतरावरून, समजा चाळीस सेंटिमीटरवरून पाहिली तर ते चौदा मीटरवरून खरा रणगाडा पाहण्यासारखे झाले. चौदा मीटरवरच्या हवेने रंग फिका होत असता तर समोरच्या घराच्या दारावरचे तोरणही धुरकट दिसले असते. विमाने आणि जहाजे यांच्या कितीतरी लहान प्रमाणांत हा युक्तिवाद थोडाफार चालेल, रणगाड्याला नाही.

खरे कारण उजेड असावे. भर दुपारच्या उन्हात सुमारे 1,00,000 लक्स प्रकाश असतो, घरातल्या दिव्याखाली 300 ते 500. रॉबर्ट हंट या रंगविज्ञानाच्या अभ्यासकाने 1950च्या दशकात दाखवून दिले की प्रकाश कमी झाला की तोच रंग कमी रसरशीत भासतो. आपण वाळवंटासाठी ठरवलेला रंग बैठकीच्या खोलीत पाहत असतो. तेव्हा पांढरा किंवा वाळूरंग मिसळून प्रतिकृतिकार फिकटपणा वाढवतो, तेव्हा तो डबीत थोडे ऊन कालवत असतो. किती कालवायचे याचे सूत्र नाही. इथे नोंदी, क्रमांक, आदेश सगळे संपतात आणि डोळा उरतो. ज्याने क्रमांक शोधण्याचे कष्ट केले आहेत त्याने तो मोडावा. न शोधताच मोडणाऱ्याला मात्र ‘हे सगळे डोळ्यावर असते’ ही सबब फार सोयीची पडते.

निळा माटिल्डा अजून मेलेला नाही. अलीकडे जुन्या कृष्णधवल छायाचित्रांना संगणकाकडून रंग चढवण्याची टूम आहे. ही यंत्रे आधीच्या रंगीत चित्रांवरून शिकतात, आणि त्या चित्रांच्या ढिगाऱ्यात संग्रहालयातली वाहने आहेत, प्रतिकृती आहेत, किटच्या खोक्यांवरची चित्रे आहेत. निबेवाच्या फोटोतल्या मधल्या पट्ट्याला यंत्राने उद्या आकाशी रंग दिला तर तो फोटो नव्या वाचकाला पुरावा वाटेल. एक अंदाज छायाचित्राच्या आत जाऊन बसेल आणि त्याला बाहेर काढणे संग्रहालयातल्या माटिल्डाला पुन्हा रंगवण्याहून कठीण जाईल.

आपल्याकडे अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राचे रणगाडा संग्रहालय 1994पासून आहे आणि तिथेही एक माटिल्डा उभी आहे. उघड्यावरच्या लोखंडाला रंग लावतात तो मुख्यतः गंजापासून वाचवायला. ऊन-पाऊस सोसणाऱ्या कोणत्याही जुन्या वाहनावर असे थरावर थर साचत जातात. त्यामुळे वरच्या रंगाला काही विचारण्यात अर्थ नसतो. विचारायचे असेल तर अवजारांच्या पेटीच्या आतल्या बाजूला, क्रमांकाच्या पितळी पट्टीमागे, झाकणाच्या बिजागरीखाली, जिथे नंतरच्या रंगाऱ्याचा ब्रश पोचला नाही तिथे. बारीक पॉलिशपेपर ओला करून एकेक थर घासत गेले की झाडाच्या वर्षवलयांसारखी रंगांची कडी दिसू लागतात: सर्वांत आत प्रायमर, मग कारखान्याचा रंग, मग त्या वाहनाने पाहिलेला एकेक मुलूख. प्रत्येक कडे जेमतेम केसाच्या जाडीचे. तिथे दिसणारा रंगही पूर्ण विश्वासाचा नसतो. तेल पिवळे पडते, वरच्या थराचे द्रव खाली मुरते. तो शेड कार्डाशेजारी धरायचा, उन्हात एकदा आणि सावलीत एकदा, आणि क्रमांक लिहून ठेवायचा.